ब्रेक घेतोयस? आधी एवढं बघ

अरे महिना-दोन महिने सोशल मीडिया सगळं बंद म्हणतोयस ते छानच, पण नुसतं अ‍ॅप उडवून काही होत नाही, मी तेच केलं होतं आणि तिसऱ्या दिवशी डोंबिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या एका हाताने ब्राउजरमधून लॉगिन करून बसलो होतो. त्यापेक्षा डीअ‍ॅक्टिव्हेट कर. म्हणजे अकाउंट तात्पुरतं बंद, हवं तेव्हा परत चालू. डिलीट नको, निदान आत्ता तरी. इन्स्टा-फेसबुक डिलीटला टाकलं की 30 दिवसांच्या आत परत लॉगिन केलंस तर वाचतं, नंतर फोटोबिटो सगळं गेलं समज. एक्सचं (आधीचं ट्विटर) मात्र उलटंय हां, तिथे डीअ‍ॅक्टिव्हेट म्हणजेच डिलीटची सुरुवात, 30 दिवस फिरकला नाहीस की अकाउंटच जातं, म्हणून तिथे फक्त लॉगआउट हो आणि पासवर्ड घरच्या कोणाला तरी बदलायला लाव.

व्हॉट्सअ‍ॅप ठेव बाबा, सोसायटीत पाणी कधी जाणार ते नाहीतर कळणार कसं! स्टेटस तेवढे म्यूट कर.

खरी पंचाईत प्रवासात होते, हात आपोआप खिशात जातो. मी फोन बॅगेत तळाला, जेवणाच्या डब्याखाली ठेवायचो, गर्दीत बॅग पुढे घेतलेली असते, चेन उघडायलाच जागा नसते, झालं काम. पहिला आठवडा जाम बोअर झालो. मग एकदा स्लो लोकल पकडली तेव्हा मुंब्र्याला खाडीत होड्या दिसल्या, रोजचाच रूट, पण बघितलंच नव्हतं कधी.