नकाशा आधी उघड

अनेक आशीर्वाद.

प्रशांत महासागरातल्या फ्रेंचांच्या न्यू कॅलेडोनियावरचा तुझ्या प्रबंधाचा मसुदा वाचला, पत्रही वाचलं. ‘भूगोल दोन पानांत उरका आणि इतिहासाला लागा’ असं मार्गदर्शक म्हणतात. तुला ते पटत नाही, पण त्यांचा शब्दही मोडवत नाही. मोड.

१८७८च्या उठावाचंच घे. तू लिहितेस, फ्रेंचांनी १८५३मध्ये बेट घेतलं, जमिनी बळकावल्या, असंतोष वाढला, कनक म्हणजे तिथले मूळ रहिवासी उठले. अगं, असंतोष कुठे वाढत नाही? तो पश्चिमेकडच्या ला फोआ, बुलूपारीच्या बाजूलाच का पेटला? नकाशा आधी उघड. ग्रांद तेर हे मुख्य बेट सुमारे ४०० किलोमीटर लांब, मधून डोंगराचा कणा, सर्वांत उंच शिखर जवळपास आपल्या कळसूबाईएवढं. आग्नेयेचे वारे पूर्व किनाऱ्यावर पाऊस टाकून रिकामे होतात. पश्चिमेला कोरडी गवताळ मैदानं. साताऱ्याहून माणदेशात एसटीने गेलेल्या पोरीला पर्जन्यछाया मी समजावू?

गवत होतं म्हणून वसाहतवाल्यांनी तिथे गुरं पाळली. दुष्काळात ती मोकाट सुटली आणि कनकांच्या कोनफळा-अळूच्या शेतांत घुसली. कुंपण घाला म्हटल्यावर, ‘माझं अळू तुमची गुरं खायला गेलं की घालेन,’ असं सरदार अताईने सुनावल्याचं सांगतात. त्याचं शिर पॅरिसला गेलं, ते परत यायला २०१४ उजाडलं. त्याला मारणारे कनालाचे कनकच होते, हे तू ‘फितुरी’ या एका शब्दात संपवलंस! कनाला कुठे आहे? डोंगरापलीकडे, पूर्व किनाऱ्यावर. वेगळी कुळं, वेगळी भाषा. फितुरी कोणाशी?

१८६४मध्ये फ्रेंच अभियंता गार्निएने निकेलचं खनिज ओळखलं आणि त्याच वर्षी कैद्यांचं पहिलं जहाज लागलं. तुझ्याकडे दोन्ही वेगळ्या प्रकरणांत. फ्रान्सपासून स्वतंत्र व्हायचं का, या २०१८ आणि २०२०च्या सार्वमतांचे आकडेही नुसते बेरजेचे. उत्तर प्रांत आणि लॉयल्टी बेटं स्वातंत्र्याकडे, दक्षिण प्रांत विरुद्ध. नकाशा!

मी माझ्या प्रबंधातलं नकाशांचं प्रकरण सांगितल्याबरोबर काढून टाकलं होतं. पदवी मिळाली. तो प्रबंध पुन्हा उघडला नाही. पुढे एका पाठ्यपुस्तकाच्या बैठकीत हाच हट्ट धरला, तर पुढचं बोलावणंच आलं नाही. सर हेकेखोर आहेत म्हणे. असेन. पण त्या धड्यात नदी चढावर वाहत होती, ते कोणी सांगत नाही.

असो. तुझं लिखाण चांगलं आहे, म्हणून तर एवढा चिडलोय.

रविवारी ये. मसुदा आणू नकोस, ट्रेसिंग पेपर आण. डोंगर, कुरणं, कनकांना ढकललेल्या राखीव जागा आणि खाणी, चारही एकावर एक ठेवून बघू. रंगीत पेन्सिली माझ्याकडे आहेत.