‘प्रवासी’ कोण आणि ‘असतो’ कोण?

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या परदेशातल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत घर सोडून लांब राहण्याच्या अनुभवांचं एक सदर आहे. त्याला कुणीतरी ‘आम्ही प्रवासी’ हे नाव सुचवलं आणि निम्म्या लोकांनी सहलींचे फोटो पाठवले. हा शब्द चुकला का, असं त्या विचारतात.

शब्द चुकला नाही. संस्कृतात ‘वस्’ म्हणजे राहणं. निवास, सहवास, वनवास हे सगळे त्याच घरातले. त्याला ‘प्र’ लागला की अर्थ होतो घरापासून दूर राहणं. नवरा परगावी आहे अशा नायिकेला प्रोषितभर्तृका म्हणतात, त्यातलं ‘प्रोषित’ हे ‘प्र’ आणि ‘वस्’ यांचंच रूप. म्हणजे प्रवासात वाट तुडवण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, परक्या ठिकाणी दिवस काढणं आहे.

आपल्या शेजारच्या भाषांनी हा अर्थ जपला. हिंदीत ‘प्रवासी भारतीय’ म्हणजे परदेशी वसलेला भारतीय. त्यांच्यासाठी २००३ पासून ९ जानेवारीला दिवस पाळला जातो, कारण १९१५ साली याच तारखेला गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून मुंबईला उतरले. रामानंद चॅटर्जींनी १९०१ मध्ये बंगालबाहेर, अलाहाबादेत, मासिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘प्रबासी’. मी शारजाला असतो. इथले माझे मल्याळी सहकारी स्वतःला सरळ ‘प्रवासी’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, “कुठे निघालात?”

मराठीत या शब्दातलं राहणं गळून गेलं, जाणं उरलं. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्या’ ऐकलं की आपण सामान उचलतो. २०२० च्या टाळेबंदीत हिंदी बातम्यांत ‘प्रवासी मजदूर’ होते. मराठीत तेच ‘स्थलांतरित मजूर’ झाले, आणि ते योग्यच झालं. तेव्हा सदराचं नाव बदला. ‘परदेशस्थ’ चालेल. ‘अनिवासी’ मात्र मला अजिबात आवडत नाही. तो करखात्याचा शब्द आहे, आणि माणूस कुठे नाही एवढंच तो सांगतो.

पण माझ्या मते आपल्याकडे याहून सरस सोय आहे, आणि ती नामात नाही, क्रियापदात आहे. गावाकडे ओळख करून घेताना दोन प्रश्न येतात: “तुम्ही कुठले?” आणि “सध्या कुठे असता?” पहिल्याचं उत्तर जन्मभर तेच. दुसऱ्याचं बदललं तरी पहिल्याला धक्का लागत नाही. दोन्ही प्रश्न एका दमात विचारले जातात आणि कुणालाच त्यात विसंगती वाटत नाही. पहिलं उत्तर पुष्कळांच्या आडनावातच असतं. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबांची पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावं बघा. कोकणातली गावं तिथेही त्यांच्या नावात आहेत.

आणि ‘असतो’ म्हणजे ‘राहतो’ नव्हे. सतरा वर्षं झाली, पण सावंतवाडीजवळच्या आमच्या घरी कुणी माझ्याबद्दल विचारलं की बाबा सांगतात, “तो शारजाला असतो.” ‘राहतो’ म्हणाले असते तर माझं बस्तान तिथलं झालं असतं. ‘असतो’ म्हटल्यावर माझी खोली माझीच राहते, गणपतीला माझं ताट धरलं जातं. तिकडे मुंबईहून येणाऱ्यांना ‘चाकरमानी’ म्हणतात. “चाकरमानी इले!” या हाकेत मुक्कामाचा उल्लेखच नाही, चाकरीला गेलेला माणूस परतला, एवढंच.

गेल्या मे महिन्यात एसटीत एका आजींनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला विचारलं, “बाय, तू कुठे असतेस?” ती म्हणाली, “मी शारजाला राहते.” तिची चूक सुधारायला मी तोंड उघडलं आणि गप्प बसलो. तिचा जन्म तिथलाच आहे. तिनं क्रियापद बरोबर निवडलं होतं.