भूकंपमापक यंत्रे गावात बसवावीत काय?

प्रश्न : ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचे हादरे आमच्या गडचिरोली जिल्ह्यातही जाणवले. आता शाळेत आणि पाण्याच्या टाकीवर इंटरनेटशी जोडलेली धक्कामापक यंत्रे बसवण्याची चर्चा ग्रामपंचायतीत सुरू आहे. त्यांचा खरोखर उपयोग होईल काय?
— एक ग्रामपंचायत सदस्य, ता. सिरोंचा

उत्तर : होईल, परंतु आगाऊ इशाऱ्याची फार आशा धरू नये. भूकंपाच्या आधी पोचणाऱ्या, सौम्य प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर घरे पाडणाऱ्या दुय्यम लहरी सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने येतात; पहिल्या लहरी ओळखूनच यंत्र दुसऱ्यांचा इशारा देते. भूकंपाचे केंद्र ५० किलोमीटरवर असेल तर दोहोंत जेमतेम ६ सेकंदांचे अंतर पडते आणि त्यातलेही काही पडताळणीत व संदेश पोचवण्यात जातात. कवेलूच्या घरात झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला तेवढ्यात ओसरीही गाठता येणार नाही.

यंत्रांचे खरे काम धक्क्यानंतरचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. अशा प्रसंगी जिथून फोन येतो तिथे मदत आधी निघते, आणि ज्या गावाचा संपर्कच तुटला ते मागे राहते. गावोगावी यंत्रे असतील, आणि त्यांना बॅटरी व मोबाइलखेरीज दुसरा संदेशमार्ग असेल, तर कोठे जमीन किती हलली हे तहसील कार्यालयाला काही मिनिटांत कळू शकते; एखादे यंत्र एकाएकी मुके झाले, तर तीही खबरच मानावी.

मात्र नुसत्या आकड्यांनी काम भागत नाही. एक यंत्र त्वरण, म्हणजे जमिनीचा वेग किती झपाट्याने बदलला ते, ‘गॅल’ या एककात पाठवते, दुसरे ‘जी’ या एककात, आणि १ जी म्हणजे सुमारे ९८१ गॅल. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत काय मोजले, कोणत्या एककात, कोठे व केव्हा, हे संगणकाला उमजेल अशा ठरावीक शब्दसंग्रहात लिहावे लागते. संवेदकांसाठीचा (सेन्सरसाठीचा) असा शब्दसंग्रह वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने २०१७ मध्ये प्रमाण केला. सगळीकडे गावाच्या नावाऐवजी गावाचा शासकीय सांकेतांक वापरला, तर हादऱ्याची नोंद, मातीच्या घरांची यादी आणि आशाताईंकडील गरोदर स्त्रियांची नोंद आपोआप एकमेकींशी जुळते व पथक आधी कोठे धाडावे हे ठरवता येते. ती घरांची यादी बहुधा जुनी असते, तेव्हा यंत्रखरेदीच्या ठरावाआधी ती अद्ययावत करून घ्यावी.

टाकीवर मात्र यंत्र बसवू नका. टाकी स्वतःच डोलते, त्यामुळे जमिनीचा हादरा नेमका मोजला जाणार नाही. शाळेच्या तळमजल्यावरील पक्की फरशी पुरेशी आहे.