स्पॅनिश पाहुण्यांना ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’?

प्रश्न : गंगापूर धरणाच्या परिसरातील एका वाइनरीत मी पाहुण्यांना माहिती देण्याचे काम करते आणि सध्या स्पॅनिश शिकते आहे. पुस्तकात ‘तू’ म्हणजे तू आणि ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही, एवढेच दिले आहे. माद्रिदहून आलेल्या एका बाईंना मी ‘उस्तेद’ म्हटले, तेव्हा मला सरळ ‘तू’ म्हण, असे त्या हसत म्हणाल्या. नेमके कोणाला काय म्हणावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे ‘उस्तेद’ चुकले नव्हते. आजच्या स्पेनमध्ये अनोळखी माणसालाही ‘तू’ म्हणण्याचा प्रघात इतका वाढला आहे की, ‘उस्तेद’ ऐकल्यावर आपले वय काढले, असे एखाद्याला वाटू शकते. तिथल्या ‘तू’त आपल्या अरेतुरेचा उद्धटपणा नाही. तरीही यजमानाने ‘उस्तेद’ने सुरुवात करावी आणि पाहुण्याने सुचवल्यावर ‘तू’वर यावे, हेच मला श्रेयस्कर वाटते.

मराठी माणसाची गफलत होते ती क्रियापदात. ‘उस्तेद’ हे ‘बुएस्त्रा मेर्सेद’ या जुन्या दरबारी संबोधनाचे झिजलेले रूप असल्यामुळे त्याला तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापद लागते. समोर बसलेल्या साहेबांनाच आपण ‘साहेब चहा घेणार का?’ असे विचारतो, तशी ही रचना आहे. त्यातही सर्वनाम बहुधा गाळले जाते. पेला पुढे करताना ‘किएरे प्रोबार एस्ते बीनो?’ म्हटले, तर ‘ही वाइन चाखून पाहणार का?’ असा आदरार्थी प्रश्न होतो आणि ‘किएरेस’ म्हटले की तोच प्रश्न ‘तू’चा होतो, म्हणजे सगळा मान शेवटच्या एका ‘स’वर ठरतो.

आपले ‘तुम्ही’ आदरार्थीही आहे आणि अनेकवचनीही, त्यामुळे एखाद्या ज्येष्ठाला ‘बोसोत्रोस’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ते स्पेनमधील ‘तू’चे केवळ अनेकवचन आहे. लॅटिन अमेरिकेत मात्र समोर शाळकरी मुले असोत वा मंत्री, अनेकांना ‘उस्तेदेस’च म्हणतात. अर्जेंटिनाच्या पाहुण्यांकडून ‘तू’ऐवजी ‘बोस’ आणि ‘किएरेस’ऐवजी ‘केरेस’ ऐकू येईल. तुम्ही ‘तू’ म्हटलेले त्यांना समजते. कोलंबियातल्या बोगोटाचे पाहुणे ओळख वाढल्यावरही ‘उस्तेद’च म्हणत राहिले, तर ते नाराज आहेत असे समजू नका, कारण त्या भागात भावंडे आणि जिवलग मित्रही कित्येकदा एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात.