‘बंद करा’ म्हणजे नक्की काय बंद करायचं?

प्रश्न : सहा वर्षं ग्राहकांकडे जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. आता जमतील तेवढी कामं बसल्या जागेवरून, रिमोटवर करायची ठरवलीत. पण फोनवर ग्राहकाला समोर काय दिसतंय ते धड सांगता येत नाही; कनेक्ट होईपर्यंतच अर्धा तास जातो. आणि कनेक्ट झालं की ऐन कामात माझ्याकडची स्क्रीन काळी पडते. ग्राहकाला वाटतं, यानेच काहीतरी बिघडवलं.

उत्तर : दुसरी अडचण सोपी, म्हणून ती आधी. ती काळी स्क्रीन म्हणजे बिघाड नाही, बंदोबस्त आहे. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, एखादा प्रोग्रॅम सिस्टीममध्ये बदल करू लागला की विंडोज परवानगीची चौकट दाखवतं. ती चौकट नेहमीच्या डेस्कटॉपवर नसतेच. ती वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते, म्हणजे कुठल्याही भामट्या प्रोग्रॅमला परस्पर ‘हो’ दाबता येत नाही. तुमचं रिमोटचं सॉफ्टवेअर साध्या युजरच्या अधिकारात चालत असेल, तर विंडोजच्या लेखी तेही परकंच. त्यामुळे तुम्हाला अंधार आणि ग्राहकासमोर चौकट लख्ख. तो तुमची वाट बघतो, तुम्ही त्याची.

मी क्लिक करण्याआधीच सांगून टाकतो, “आता मला काही दिसणार नाही. तुमच्यासमोर एक प्रश्न येईल. त्यात कुठल्या प्रोग्रॅमचं नाव आहे ते वाचून दाखवा, मग ‘हो’ दाबा.” नाव मुद्दाम वाचायला लावतो. आपण उघडलेल्याच प्रोग्रॅमची ती चौकट आहे ना, याची खात्री होते. ‘हो’ऐवजी पासवर्ड मागितला, तर त्या खात्याला ॲडमिनचे अधिकार नाहीत, कार्यालयातलं मशीन असेल तर तिथल्या सिस्टीमवाल्याला फोनवर घ्या. सुरक्षित डेस्कटॉप बंद करायची सेटिंग असते आणि कित्येक जण आल्या आल्या तीच बदलतात. मी बदलत नाही. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याच्या दाराची कडी काढून ठेवायची नसते.

आता फोनवरचं बोलणं. इथे मी बऱ्याच चुका केल्यात. सुरुवातीच्या काळात एका बाईंना, जुनी विंडो आड येत होती म्हणून, सहज म्हणालो, “ते बंद करा.” दोन सेकंद शांतता. मग माझी स्क्रीनच गेली. बाईंनी मशीन शटडाउन केलं होतं! चूक त्यांची नव्हती. आपल्याकडे विंडो बंद, मशीन बंद, इंटरनेट बंद, सगळ्याला एकच शब्द. तेव्हापासून मी “उजव्या कोपऱ्यात वर फुली आहे, तिच्यावर एकदा क्लिक करा” असंच म्हणतो. ‘टास्कबार’ हा शब्द वापरत नाही, ‘अगदी खालची पट्टी’ म्हणतो. ‘वर जा’ तर कधीच नाही. कोणी माउस वर नेतो, कोणी पान सरकवतो.

आकड्यांचंही तसंच. कनेक्ट करायचा नंबर ग्राहक घाईत “एकोणसाठ, त्रेसष्ट” असा जोडीजोडीने सांगतो आणि आपण एकोणसत्तर ऐकतो. एकेक आकडा सांगायला लावा : पाच, नऊ, सहा, तीन. अक्षरं असतील तर बी, डी, पी, टी फोनवर सारखीच वाटतात, म्हणून ‘बी बॉलचा’, ‘डी डॉगचा’. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की ४८ आकड्यांची असते. तिथे सहा-सहा आकड्यांनी थांबायचं आणि आपण उलट वाचून दाखवायचं. वेळ जातो, पण चुकली तर परत पहिल्यापासून सुरुवात.

विंडोजमधलं रिमोट मदतीचं साधन, क्विक असिस्ट, वापरत असाल तर कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही बटणं एकदम दाबली की ते उघडतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून लॉगिन तुम्हाला करावं लागतं, ग्राहकाला नाही. जोडणीसाठी ग्राहकाला द्यायचा कोड १० मिनिटंच चालतो, म्हणून ग्राहक मशीनसमोर बसल्याशिवाय तो काढू नका. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन परवानग्या वेगवेगळ्या आहेत. पहिलीच दिली असेल तर सगळं दिसतं, पण माउस हलत नाही आणि आपण उगाच नेटला दोष देत बसतो.

प्रश्न : ग्राहकाचं नेट चांगलं वेगवान आहे, तरी माउस मागे राहतो. असं का?

उत्तर : वेग आणि विलंब या दोन निराळ्या गोष्टी. तुमची क्लिक तिकडे जाणार, तिकडचं चित्र बदलणार आणि ते परत येणार. या फेरीला पाव सेकंद लागत असेल तर कितीही मोठी लाइन घ्या, कर्सर रेंगाळणारच. फायरवॉलमुळे, म्हणजे नको ती जोडणी अडवणाऱ्या पहारेकऱ्यामुळे, थेट जोडणी झाली नाही की सगळी वाहतूक मधल्या सर्व्हरवरून वळसा घालून येते, मग आणखी उशीर. व्हीएनसी हे या कामातलं जुनं सॉफ्टवेअर. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी अँड ओरॅकल रिसर्च लॅबमध्ये तयार झालं आणि १९९८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याची युक्ती अशी, की स्क्रीनचा जेवढा चौकोन बदलला तेवढाच पाठवायचा. म्हणून आजही लाइन मंद असली की मी आधी वॉलपेपर आणि ॲनिमेशन बंद करतो आणि माउस सोडून कीबोर्डवर काम करतो.

प्रश्न : रिमोटवरून कोणत्या कामाला हात लावूच नये?

उत्तर : नेटवर्कच्या. मी एकदा नेटवर्क अडॅप्टर, म्हणजे मशीनला नेटशी जोडणारा भागच, ‘डिसेबल’ केला. लगेच ‘इनेबल’ करू, असा विचार होता. पण कशाने करणार? बसलेली फांदी आपणच तोडलेली. ग्राहकाने फोनवर ऐकत ऐकत तो पुन्हा चालू केला, त्यात वीस मिनिटं गेली. वायफाय, डीएनएस, फायरवॉल बदलायचंच असेल तर ग्राहक फोनवर हवा आणि पूर्वीची सेटिंग कागदावर लिहिलेली हवी. मशीन विंडोजपर्यंत पोहोचतच नसेल तर आपली साधनं बिनकामाची, सरळ जाऊन यायचं.

प्रश्न : ग्राहक विचारतात, ‘तुम्ही भामटे नाही हे कशावरून?’ मला अपमान वाटतो.

उत्तर : वाटून घेऊ नका, विचारणारा ग्राहक शहाणा. कंपनीतून बोलतोय असं सांगून स्क्रीनचा ताबा घेणारे चोर हीच सॉफ्टवेअर वापरतात. त्याला म्हणावं, फोन ठेवा आणि तुमच्याकडच्या जुन्या बिलावरच्या नंबरला तुम्हीच लावा. जोडण्याआधी बँकेची आणि मेलची पानं त्यालाच मिटायला सांगा. पासवर्ड टाकायची वेळ आली तर त्याने टाकावा, आपण विचारू नये. ओटीपी तर नाहीच. ग्राहकाची स्क्रीन झाकून काम करायची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते, तिला हात लावू नका. काम संपलं की कायमच्या प्रवेशाचा पासवर्ड ठेवला असेल तर तो त्याच्यादेखत काढा, आणि सॉफ्टवेअर कसं अनइन्स्टॉल करायचं तेही दाखवा. पुढच्या वेळी पुन्हा टाकायला दोन मिनिटं जातील, जाऊ द्यात.