विचारा गाडीबद्दल : क्रोनो, सिरॅमिक आणि ४० मिलिमीटर

प्रश्न : नमस्कार ताई. मी मूळचा साताऱ्याचा, बरीच वर्षं जर्मनीत आहे, श्टुटगार्टजवळ लुडविग्सबुर्गला. वय ४३. सेकंडहँड पोर्शे ९११ घ्यायची असं एकदाचं ठरलंय. ९९२ पिढीची करेरा एस, २०२० सालची. दोन गाड्या हेरून ठेवल्यात. दोन्हींना पीडीके हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, किलोमीटरही साधारण सारखेच. करड्या गाडीला ‘परफॉर्मन्स’ म्हणावं असं एकच काही आहे, मागची चाकं वळवणारं रिअर अ‍ॅक्सल स्टिअरिंग. पांढरीला ते नाही, पण स्पोर्ट क्रोनो पॅकेज, सिरॅमिक ब्रेक, १० मिलिमीटर खाली बसलेलं स्पोर्ट सस्पेन्शन, स्पोर्ट एक्झॉस्ट, सगळं आहे. ती १४ हजार युरोंनी महाग आहे. रोज ऑफिसला ३० किलोमीटर, दोन्हीकडे तळघरातलं पार्किंग, सुट्टीत ब्लॅक फॉरेस्ट. वर्षातून एकदोनदा नुर्बुर्गरिंग आणि हॉकेनहाइमच्या रेस ट्रॅकवर जायची इच्छा आहे. बायको म्हणते, डॅशबोर्डवरच्या घड्याळाला एवढे पैसे देणार असशील तर भिंतीवरचं मी आणून देते. काय करू?

— एक वाचक, लुडविग्सबुर्ग

उत्तर : तुमच्या बायकोचं निम्मं बरोबर आहे, म्हणून घड्याळापासूनच, म्हणजे डॅशबोर्डवर स्टॉपवॉच देणाऱ्या स्पोर्ट क्रोनोपासूनच, सुरुवात करू.

कॅटलॉगमध्ये करेरा एसचे ० ते १०० चे दोन आकडे असतात : ३.७ सेकंद, आणि स्पोर्ट क्रोनो असेल तर ३.५. हे ०.२ सेकंद लाँच कंट्रोलचे, म्हणजे जागेवरून झपकन सुटण्याच्या सोयीचे. डावा पाय ब्रेकवर, उजव्यानं अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत, मग ब्रेक सोडायचा. इंजिनात काहीही वाढत नाही. ४५० पीएस (अश्वशक्ती) आणि ५३० न्यूटन-मीटर टॉर्क दोन्ही गाड्यांत तेवढेच. आता तुम्हीच सांगा, जागेवरून असं सुटायचं कुठे? ए-८१ ला तुम्ही चढाल तेव्हा गाडी आधीच ८० च्या पुढे असेल, आणि तिथून पुढे दोन्ही गाड्या सारख्याच पळतात. क्रोनोबरोबर येणारं स्टिअरिंगवरचं मोडचं गोल बटण सोयीचं आहे. त्याच्या मधलं बटण दाबलं की इंजिन-गिअरबॉक्स २० सेकंद अगदी सज्ज राहतात. ओव्हरटेकला बरं पडतं. पण खालचा गिअर टाकायला पॅडल आहेतच की.

बायकोचं निम्मं चुकतं ते इथे. क्रोनोबरोबर इंजिनाची डायनॅमिक माउंटिंग्ज, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते आधार, येतात, आणि विक्रेता त्यांचं नाव घेतलंच तर सगळ्यात शेवटी घेतो. ९११ चं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. गाडी वळणात शिरते तेव्हा रबरी माउंटिंगवरचं ते धूड क्षणभर मागे रेंगाळतं आणि मग गाडीच्या शेपटीला धक्का देतं. डायनॅमिक माउंटिंगमध्ये चुंबकीय कण मिसळलेला द्रव असतो. विजेचा प्रवाह बदलला की माउंटिंग घट्ट किंवा मऊ होतं. वळणात घट्ट, सिग्नलला मऊ. माझं आयुष्य डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि बुशिंग (सांध्यांतली रबरं) यांच्या मागे गेलं, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला झुकणारच. तरी सांगते, क्रोनोमध्ये पैसे कशाचे द्यायचे तर याचे. ब्लॅक फॉरेस्टमधल्या डावी-उजवी-डावी वळणांवर हा फरक जाणवतो.

राहिलं स्टॉपवॉच. नॉर्डश्लाइफला, म्हणजे नुर्बुर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकला, सर्वसामान्यांसाठी खुल्या असलेल्या वेळेत, म्हणजे ‘टूरिस्टेनफार्टेन’ला, लॅपची वेळ मोजायला मनाई आहे. २०.८३२ किलोमीटरचा तो ट्रॅक त्या वेळी टोल भरून जायचा एकेरी रस्ता मानला जातो, वाहतुकीचे नियम लागू असतात, ओव्हरटेक फक्त डावीकडून. म्हणजे घड्याळ ज्या ट्रॅकच्या स्वप्नासाठी घ्यायचं तिथेच ते लावायचं नाही! आणि जाण्याआधी विम्याची पॉलिसी काढून नीट वाचा. तिथला अपघात बऱ्याच पॉलिसी धरत नाहीत, आणि रेलिंगचा खर्चही तुमच्याच गळ्यात पडतो.

आता पिवळे कॅलिपर, म्हणजे सिरॅमिक ब्रेकची चाकातून दिसणारी खूण. सिरॅमिक ब्रेकनं गाडी कमी अंतरात थांबते, अशी एक ठाम समजूत आहे. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या ब्रेकला तसं काही होत नाही. तुमच्या करेरा एसच्या ३५० मिलिमीटरच्या लोखंडी डिस्क चाक जाम करण्याइतका जोर आरामात लावतात. त्यापुढे एबीएस आणि टायरची पकड. सिरॅमिकचा फायदा उष्णतेत आहे. माणसांसकट १६०० किलोची गाडी २०० वरून थांबवली की सुमारे २५ लाख जूल उष्णता तयार होते. सात लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी, आणि तीही काही सेकंदांत. हॉकेनहाइमला पाराबोलिका या लांब वळणावरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरनं येऊन हेअरपिनला, म्हणजे एकदम उलट फिरणाऱ्या वळणाला, ब्रेक मारायचा, आणि हे दर फेरीला. तिथे सिरॅमिक दमत नाही हे खरं. वजनालाही त्या डिस्क लोखंडीपेक्षा सुमारे निम्म्या, म्हणजे चाकाला खड्ड्यावरून वरखाली होताना ओझं कमी. ब्रेकची काळी धूळ जवळजवळ नाही. चाकं धुणाऱ्याला केवढं सुख!

पण तुम्ही सेकंडहँड घेताय. सिरॅमिक डिस्क नीट वापरली तर रस्त्यावर फार टिकते, ट्रॅकवर तापून तापून मात्र तिच्यातला कार्बन जळत जातो. चाक काढता-घालताना रिम डिस्कच्या कडेला आपटली, किंवा ट्रॅकबाजूची खडी अडकली, तर कड उडते. मग चार डिस्क बदलण्याचा खर्च तुमच्या १४ हजारांतला मोठा घास घेऊन जातो. नियमित ट्रॅकला जाणारे कित्येक जण सिरॅमिक काढून जपून ठेवतात आणि लोखंडी लावतात, ते उगाच नव्हे. आधीचा मालक ट्रॅकवर जायचा की नाही हे विक्रेता सांगणार नाही. डिस्कची उपकरणानं झालेली तपासणी कागदावर मागा. नाही म्हणाला तर तेही उत्तरच.

वर्षातून दोन ट्रॅक-दिवसांसाठी लोखंडी डिस्क, चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल पुरतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. जुनं झालं की लवकर उकळतं आणि पेडल मऊ पडून खाली जातं. लोक ज्याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात ते ट्रॅकवर बहुतेक वेळा हेच असतं. दोन वर्षांनी बदलायचं, ट्रॅकला जायच्या आधी तर हमखास.

स्पोर्ट सस्पेन्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे : नको. करेरा एसला रस्त्यानुसार घट्ट-मऊ होणारे अ‍ॅडॅप्टिव्ह डॅम्पर मुळातच येतात आणि ते उत्तम आहेत. नॉर्डश्लाइफ हा गुळगुळीत ट्रॅक नाही. मी तिथे नोंदी घेत बाजूच्या सीटवर बसायचे, मांडीवर लॅपटॉप आणि खिशात प्लॅस्टिकची पिशवी. फुक्सर्‍योरच्या उतारावरून गाडी तळाच्या खळगीत जाते तेव्हा सस्पेन्शन जवळजवळ पूर्ण दबतं, आणि लगेच वळायचं असतं. तिथे चाकाला वरखाली होण्यासाठी जागा हवी असते. उंची १० मिलिमीटर कमी केली की तीच जागा गेली. कारुसेलच्या काँक्रीटच्या फरश्यांवर तर दात वाजतात. आणि हे वर्षातून दोनदा; तुमच्या दोन तळघरांचे रॅम्प रोजचे. स्पोर्ट एक्झॉस्टनं आवाज बदलतो, ताकद नाही. आवडत असेल तर नंतर लावून मिळतो, पुढे जाऊ.

आता करड्या गाडीकडे. साधारण ५० च्या खाली मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेला वळतात, ८० च्या वर त्याच दिशेला. कोन अगदी लहान, डोळ्यांना दिसेलच असं नाही. पण १८५२ मिलिमीटर रुंदीची गाडी जर्मन तळघराच्या खांबांमधून काढताना ती अचानक लहान झाल्यासारखी वाटते, आणि ऑटोबानवर २०० ला लेन बदलताना व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लांबल्यासारखी सरळ, शांत जाते. पांढऱ्या गाडीतलं लाँच कंट्रोल तुम्ही दोनदा वापराल, तिसऱ्यांदा पाहुण्यांना दाखवायला. हे मात्र रोज सकाळी पार्किंगमधून बाहेर पडतानाच कामाला लागतं. मुख्य म्हणजे कारखान्यात बसवलेलं नसेल तर नंतर बसवणं कुणाच्या खिशाला परवडणारं नाही.

तेव्हा करडी घ्या. पांढरीत क्रोनो असतं, पण सिरॅमिक आणि खालचं सस्पेन्शन नसतं, तर त्या माउंटिंगसाठी माझा हात थबकला असता.

करडीचे टायर आधी बघा. बाजूला चार आकडी डीओटी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा कितीही खोल दिसोत, इतक्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं. सही करण्याआधी किमतीतून नव्या सेटचे पैसे कमी करून घ्या, आणि पोर्शेसाठी मंजूर झालेलेच, ‘एन’ खूण असलेले घ्या. उरलेल्या पैशातून हॉकेनहाइमला प्रशिक्षकाबरोबर एक दिवस. आणि हो, पुढच्या चाकांच्या कमानीत पाण्याचा आवाज ऐकणारे सेन्सर आणि त्यावर चालणारा वेट मोड ९९२ च्या प्रत्येक गाडीत फुकट आहे. पहिल्या पावसात गाडीनं सुचवलं की निमूट ऐका.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात कोथरूडला राहतो. नवी ९११ करेरा बुक करतोय. शोरूमवाला म्हणतो, पुढे-मागे १९/२० ऐवजी २०/२१ इंची चाकं घ्या, गाडी उठून दिसते. मला नाक उचलणारी फ्रंट लिफ्ट हवी आहे. दोन्ही घ्यायचं का? गाडी दर रविवारी पहाटे लोणावळ्याला जाईल, बाकी गावातच.

— एक वाचक, पुणे

उत्तर : लिफ्ट घ्या, चाकं नको. गाडी पूर्ण तयार होऊन बाहेरून येते, म्हणजे प्रत्येक पर्यायाच्या किमतीवर आयात शुल्क आणि जीएसटीही चढतो. दिसण्यावर एवढा कर भरायची हौस असेल तर माझी हरकत नाही.

चाकांचं गणित सोपं आहे. २१ इंचीवर मागे ३०५/३० टायर येतो, म्हणजे रुंदी ३०५ मिलिमीटर आणि बाजूची भिंत तिच्या ३० टक्के, ९१ मिलिमीटरच्या आसपास. २० इंचीवर २९५/३५, भिंत १०३. हे १२ मिलिमीटर रबर म्हणजे खड्ड्याची कड आणि अलॉयची कड यांच्यामधलं एकमेव उशीचं काम करणारं. जूननंतर कोथरूडहून कर्वे रस्त्यानं जाताना ते किती मोलाचं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक्स्प्रेस-वेला सपाटीवरची मर्यादा १०० ची; तिथे पकडीत काही कमी पडणार नाही.

लिफ्टनं पुढचं नाक सुमारे ४० मिलिमीटर वर जातं, साधारण ३५ च्या वेगापर्यंत. सोसायटीच्या रॅम्पला उत्तम. पण ती पुढचाच भाग उचलते, मागचं तिथेच राहतं. म्हणजे पोटाला मधोमध जेमतेम २० मिळतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. त्यावरून ९११ लिफ्टशिवायही जाते. आपल्याकडे गल्लीत रातोरात उगवणारा अरुंद ढीग नाक पार करू देतो आणि पोट धरतो. तिथे लिफ्ट लावूनही तिरपं जायचं, एका वेळी एक चाक, बाजूला कुणी बसलं असेल तर त्याला उतरवून. मागचे रिक्षावाले काय म्हणतात तिकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न : ताई, माझ्या गाडीत स्पोर्ट बटण आहे. दाबल्यावर खरंच ताकद वाढते का? मित्र म्हणतो, २० पीएस वाढते.

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुतेक गाड्यांत एक पीएससुद्धा वाढत नाही. काही टर्बो गाड्या थोडा वेळ जादा बूस्ट देतात, पण तसं असेल तर कंपनी ते मॅन्युअलमध्ये मोठ्या अभिमानानं लिहिते. तुमचं उघडून बघा. बाकी ठिकाणी बदलतो तो पेडलचा हिशोब. साध्या मोडमध्ये अर्धा दाबून जेवढं मिळायचं ते आता पावभर दाबून मिळतं, म्हणून गाडी चवताळल्यासारखी वाटते. ऑटोमॅटिक असेल तर गिअर जास्त वेळ धरून ठेवते, कधी स्टिअरिंग जड होतं. पेट्रोल मात्र नक्की जास्त जातं.

मित्राला गप्प करायचं असेल तर गिअर हातानं तिसऱ्यावर ठेवा, पेडल पूर्ण तळाला दाबा आणि ४० ते ८० ला किती वेळ लागतो ते बाजूच्याला मोजायला सांगा. एकदा बटण दाबून, एकदा न दाबता. पूर्ण दाबलेलं पेडल दोन्हीकडे पूर्णच असतं, त्यामुळे वेळही तीच येईल. फक्त हे मोकळ्या सरळ रस्त्यावर, पहाटे. संध्याकाळी रंकाळ्याला नको.