कर्णे हातात असूनही

प्रिय बाळ,

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला तुझा मेसेज मी पहाटे वाचला. एकवीस दिवसांचा उपास झाला, साखळी प्रार्थना झाली, दादा गेला. खाली तो व्हिडिओ. सातवा शिक्का फुटलाय, स्वर्ग गप्प झालाय, आता कुणाची प्रार्थना वर पोचत नाही, न्याय सुरू झालाय. ‘सर, हे खरं आहे का?’ आणि वर हेही, की रविवारी तरुण संघात तुला बोलायचंय आणि तोंडातून शब्द निघत नाही.

धीर धर, प्रभूची योजना असते, असलं काही मी लिहिणार नाही. मयतीच्या दिवसापासून ते तुला शंभर जणांनी ऐकवलं असेल, आणि त्यातल्या निम्म्यांना संडे स्कूलमध्ये मीच शिकवलंय. तेव्हा तो दोष थोडा माझाही.

व्हिडिओ मी पूर्ण पाहिला. चाळीस मिनिटं. त्या गृहस्थाने बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, आठव्या अध्यायातली पहिली ओळ वाचली, पुस्तक मिटलं आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागला. शांततेबद्दलचं वचन वाचून माणूस चाळीस मिनिटं बोलतो! त्याने आणखी चारच ओळी वाचल्या असत्या तर तुझी रात्र तरी वाचली असती.

आता तू वाच. पहिल्या पाच ओळी, बोट ठेवून. कोकरा, म्हणजे ख्रिस्त, देवाच्या हातातल्या गुंडाळीचा सातवा शिक्का फोडतो आणि स्वर्गात सुमारे अर्धा तास निःशब्दता होते. हे लहानसहान नव्हे. चौथ्या अध्यायात ते चार जिवंत प्राणी रात्रंदिवस न थांबता ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणत असतात. न थांबता, असं लिहिलंय. ते थांबले. मग सात देवदूतांना सात कर्णे दिले जातात. मग सोन्याचं धुपाटणं घेतलेला आणखी एक देवदूत वेदीपाशी येऊन उभा राहतो, त्याला पुष्कळ धूप दिला जातो, तो सर्व पवित्र जनांच्या प्रार्थनांबरोबर अर्पण करायला. धूर देवासमोर वर चढतो. त्यानंतर तेच धुपाटणं वेदीवरच्या अग्नीने भरून तो पृथ्वीवर टाकतो, आणि गडगडाट, वाणी, विजा, भूमिकंप.

क्रम बघ. कर्णे दुसऱ्या ओळीतच हातात आलेत. सातही. पण एकही वाजत नाही. ते फुंकायला तयार होतात ते थेट सहाव्या ओळीत. मधल्या तीन ओळी सातही देवदूत कर्णे हातात धरून नुसते उभे आहेत, कारण खाली कुणीतरी रडत प्रार्थना करतंय आणि ती वर येतेय. स्वर्ग गप्प झाला तो ऐकणं बंद करून नव्हे. ऐकू यावं म्हणून गप्प झाला.

हे माझ्या मनचं नाही. मंदिरात धूप जाळायच्या वेळेला लोक बाहेर प्रार्थना करत उभे असायचे. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या याजक आत गेला तेव्हा बाहेर तेच चाललं होतं. तालमूद या यहुदी धर्मग्रंथातही सेवा करणाऱ्या देवदूतांबद्दल आहे, की ते रात्री गातात आणि दिवसा गप्प राहतात, कारण दिवसा इस्राएल गात असतं. वरच्यांनी खालच्यांसाठी आवाज आवरायचा, ही समजूत यहुद्यांमध्ये होती, आणि प्रकटीकरण लिहिणारा योहान त्यांच्यातलाच. सगळेच असा अर्थ लावत नाहीत, हेही सांगतो. पेट्टाऊचा बिशप व्हिक्टोरिनस, इ. स. 304 च्या सुमाराचा रक्तसाक्षी, प्रकटीकरणावरचं आज हाती असलेलं सगळ्यात जुनं लॅटिन भाष्य त्याचं. तो म्हणतो, ही शांतता म्हणजे सार्वकालिक विसाव्याची सुरुवात. म्हणो. विश्वासासाठी जीव दिलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही. व्हिडिओवाल्याशी घालतो.

आणि ते त्याचं गणित! एक दिवस म्हणजे एक वर्ष, वर्षाचे दिवस 360, म्हणजे एक तास पंधरा दिवसांचा, अर्धा तास साडेसात दिवसांचा. तुला नवीन वाटलं असेल. जुनं आहे. दिवसाला वर्ष मानूनच अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या आगमनाची तारीख काढली होती, 22 ऑक्टोबर 1844. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. लोक रडले. काही शेतकऱ्यांनी त्या वर्षीचं पीकसुद्धा काढलं नव्हतं. बरं, योहानाने ‘सुमारे’ लिहिलंय. सुमारे अर्धा तास. हिशेब करणारे तो ‘सुमारे’ दरवेळी गिळतात. अर्ध्या तासासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द सगळ्या नव्या करारात एवढ्या एकाच ठिकाणी येतो, आणि त्यालाही त्याने ‘सुमारे’ जोडला. पात्म बेटावरच्या त्या हद्दपार माणसाकडे घड्याळ नव्हतं, पण बसवत नाही इतकी लांब शांतता म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं.

मी एवढा चिडतो कारण हे गणित मीही केलंय. मांजरपाटाच्या आठ फूट कापडावर सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, लाल-काळ्या रंगात. तो चार्ट खेडोपाडी दोन काठ्यांना बांधून उभा करायचो. लोक यायचे. मला फार आवडायचं ते, खोटं कशाला बोलू.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. चार वाजायला चार मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. आम्हाला सोलापुरात पलंग हलल्याचं कळलं. किल्लारीकडे घरंच्या घरं बसली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जण टेम्पोत ब्लँकेटं, भाकरी आणि औषधं घालून निघालो. मी तो कापडाचा गुंडाळाही घेतला होता. हे मी तीस वर्षांत फार थोड्यांना सांगितलंय.

गावाचं नाव लिहीत नाही. रस्ता कुठे होता तेच कळत नव्हतं. एका ढिगाऱ्यापाशी आठ-दहा माणसं हातांनी दगड उचलत होती, बाजूला एक म्हातारी बसलेली, मांडीवर चेपलेला तांब्या. मी भाकरी दिली. तिने घेतली, बाजूला ठेवली. एवढ्यावर मी उठायला हवं होतं. पण मी एकतीस वर्षांचा होतो आणि मला सगळं माहीत होतं. मी सहाव्या शिक्क्याचा मोठा भूमिकंप सांगायला सुरुवात केली. हे लिहून ठेवलेलंच होतं, आजी, म्हणालो. न्यायाचा दिवस जवळ आलाय.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ढिगाऱ्यावरच्या एका पोराने हात वर केला. म्हातारी म्हणाली, “गप बस की रं लेकरा. आत आवाज येतोय का बघू दे.”

सगळे थांबले. हातातले दगड हातात. कुणी खाली ठेवेना, आवाज होईल म्हणून. एक माणूस भेगेला कान लावून पालथा पडला होता. लांब कुठेतरी जीप चालू होती, तीही कुणीतरी बंद करवली. किती वेळ गेला सांगता येत नाही. सुमारे. मी माझ्या तोंडाने अर्धवट टाकलेलं वाक्य तसंच तोंडात धरून उभा होतो.

काही ऐकू आलं नाही. माणसं पुन्हा दगड उचलायला लागली.

परतीच्या वाटेवर टेम्पोत कुणीच बोललं नाही आणि तेव्हा मला आठव्या अध्यायाची पहिली ओळ पहिल्यांदा कळली. मी क्रम चुकवला होता. कर्णा आधी फुंकला होता. दगडाखाली कुणी जिवंत असेल, ते हाक मारत असेल, हे ज्यांच्या डोक्यात होतं ते गप्प होते, आणि देवाचं वचन माहीत असलेला मी एकटा बोलत होतो. तो कापडाचा चार्ट आता आमच्या हार्मोनियमवर झाकण म्हणून आहे. रंगाची बाजू आत.

म्हणून तुला परत परत सांगतो आणि कंटाळा आला तरी सांगणार: क्रम बघ. आधी शांतता, मग प्रार्थना, मग न्याय. ज्याने शांतता पाळली नाही त्याने न्यायाबद्दल तोंड उघडू नये. व्हिडिओवाल्याने नाही, मी नाही, तूही नाही.

तुझा दुसरा प्रश्न, त्या एकवीस दिवसांच्या प्रार्थना गेल्या कुठे. खरं सांगतो, दादा का वाचला नाही हे त्या पाच ओळींत नाही. ते तिथून काढून दाखवणारा भेटला तर उठून ये. तिथे एवढंच आहे की धुपाबरोबर ‘सर्व’ पवित्र जनांच्या प्रार्थना होत्या. फक्त उत्तर मिळालेल्या प्रार्थना, असं नाही. त्याच पुस्तकात पाचव्या शिक्क्यापाशी, वेदीखाली, वधलेल्यांचे आत्मे मोठ्याने ओरडतात, ‘किती काळ?’ त्यांना सांगितलं जातं, अजून थोडा वेळ थांबा. तुला असंच वाटतंय ना? मग तुझा रागही त्या धुरात आहे. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तू नुसती ‘प्रभू, प्रभू’ म्हणत होतीस, पुढे शब्दच नव्हते, तेही आहे.

तू धुपाटणं जवळून पाहिलं नसशील. आपल्या घरांतून ते कुठलं. आमच्या वाड्यात समोरच्या आजींकडे गुरुवारी संध्याकाळी असायचं, पितळी, लांब दांड्याचं. त्या चुलीतले निखारे चिमट्याने एकेक करून त्यात ठेवायच्या आणि वरून ऊद टाकायच्या. एकदा मी हट्ट करून ते धरलं. ऊद नुसता हातात घेतला तर खड्यांसारखा असतो, वासही फार येत नाही. निखाऱ्यावर पडला की मग. आणि मी चालता चालता कलंडलो, एक निखारा चटईवर पडला आणि बोट शिरेल एवढं भोक पडलं. आजी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘धूर देतं ते जाळतंही, बाबा.’ माझ्या आईने मात्र मार दिला, आधी चटईबद्दल आणि मग ऊद जाळल्याबद्दल.

योहानाने ते लिहिलंय. धूर ज्या धुपाटण्यातून वर गेला, त्याच धुपाटण्यातून आग खाली आली. म्हणजे पृथ्वीवरचा न्याय हा त्या प्रार्थनांचाच जबाब आहे. मला यातून गोड अर्थ काढता येत नाही आणि काढूही नये. ‘किती काळ?’ म्हणून ओरडणाऱ्यांना एक दिवस आगीने उत्तर मिळतं. पण कुणाची हाक ऐकायची राहून गेली, असं होत नाही. आगीआधी अर्धा तास सगळा स्वर्ग त्यासाठीच थांबलेला असतो.

आता गुरुवारच्या प्रार्थनेचं. तू येत नाहीस कारण ‘तिथे काही होत नाही’, हे मला तुझ्या आईने सांगितलं. बरोबर आहे, काही होत नाही. अर्धा तास आम्ही गप्प बसतो. 1994 मध्ये सुरू केलं तेव्हा चाळीस जण यायचे, आता नऊ. कमिटीने दोनदा विषय घेतला, कीबोर्ड आणा म्हणाले, तरुण मंडळी दुसऱ्या फेलोशिपला चाललीत म्हणाले. मी नाही म्हटलं. एका पाळक साहेबांशी त्यावरून बोलणं तुटलं ते त्यांच्या मयतीपर्यंत जुळलं नाही, आणि ते मला टोचतं. तिथे तरी मी गप्प बसून त्यांचं ऐकायला हवं होतं. अर्ध्या तासाच्या शांततेसाठी मी किती भांडलो याचा हिशेब केला तर हसू येईल. पण आणखी एकदा विचारलं तर आणखी एकदा नाहीच म्हणेन.

मोठ्या आवाजाचा मला राग आहे असं समजू नकोस. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती, झालं तेव्हा शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या, रडत होत्या. लोक ते दृश्य सांगतात. त्याआधी पंडिता रमाबाईंनी मुलींना कित्येक महिने रोज प्रार्थनेला बसवलं होतं, ते कुणी सांगत नाही. आणि त्या मुलींपैकी कितीतरी जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. त्यांना बोलायला काही होतं. आपल्याकडे कीबोर्ड आहे.

रविवारचं बघू. तू बोलूच नकोस. वचन वाच, आठव्या अध्यायाच्या पाच ओळी, सावकाश, आणि बस. पोरं चुळबुळ करतील. कुणीतरी मोबाइल काढेल. कुणी हसेल, हसू दे, तो घाबरलेला असतो. दहा मिनिटं जमलं तरी पुष्कळ. नंतर कुणी विचारलं की हा काय प्रकार, तर माझं नाव सांग. माझं नाव आधीच खराब आहे.

आणि त्याआधी गुरुवारी ये. साडेसहाला चर्चचा बाजूचा दरवाजा उघडा असतो, पुढचा नाही. पंखा करकरतो म्हणून बंद ठेवतो, तेव्हा सुती कपडे घाल. माझ्या गुडघ्यांमुळे मी खुर्चीवर बसतो, बाकीचे चटईवर. दादा कुठे बसायचा ते तुला माहीत नसेल. गेल्या पावसाळ्यात तो पाच-सहा वेळा आला होता, कुणाला सांगू नका म्हणाला होता. खिडकीखाली, भिंतीला टेकून. ती जागा रिकामी आहे.

तुझा,
सर